ब्लँकेट वाटप पुरे, आता सभागृहांची कुलुपं काढा

बर्डीकर :
डिसेंबर लागला की नागपुरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात, हिवाळी अधिवेशन आणि ब्लँकेट वाटप. पहिल्यावर बोलायला अख्खा महाराष्ट्र बसला आहे. मला दुसऱ्यावर बोलायचंय, आणि काही जणांना ते लागेल.

टेकडी गणपतीचा रस्ता, स्टेशनसमोरचा फुटपाथ, सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याजवळचा मेडिकल चौक, लोहा पूल. रात्री अकरानंतर या ठिकाणी गाड्या थांबतात. मंदिराचं मंडळ, चर्चचा युवक गट, गुरुद्वाऱ्यातले सेवेकरी, बुद्धविहारातली पोरं, मोहल्ल्यातले मित्र. माणसं चांगली आहेत, भावनाही खरी आहे. पण एकाच रांगेतल्या लोकांना एका रात्रीत तीन-तीन ब्लँकेटं मिळतात आणि कॉटन मार्केटमागे हातठेल्यावर आडवा झालेल्या हमालाला एकही नाही, कारण तिकडे चारचाकी वळत नाही. ब्लँकेटही कोणतं, तर पानिपतहून गठ्ठ्याने येणारं, जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून काढलेल्या सुताचं. पहिल्या रात्री ऊब देतं. पण दवाने ओलं झालं की वाळवायला दोरी नाही, दिवसा ठेवायला जागा नाही. मग ते अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत जातं, नाहीतर पन्नास रुपयांत विकलं जातं. आपण मग म्हणायला मोकळे, "बघा, विकून दारू प्याला."

आणि थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त खालून लागते. सिमेंटची फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. खाली जाड पुठ्ठा किंवा सतरंजी नसेल तर वर दोन ब्लँकेटं असून माणूस कुडकुडतो. पण पुठ्ठा देतानाचा फोटो कोण काढणार?

२९ डिसेंबर २०१८ ला या शहराचा पारा ३.५ अंशांवर आला होता. एरवीही आभाळ मोकळं असलं आणि उत्तरेचं वारं सुटलं की दहाच्या खाली जातोच. आपल्याला आपल्या उन्हाळ्याचा एवढा अभिमान की नागपूरची थंडी आपण मोजतच नाही.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये चार्ल्स स्ट्रोबेल नावाचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९८०च्या दशकात, आपल्या चर्चच्या पार्किंगमध्ये लोक गाड्यांत कुडकुडत झोपलेले दिसल्यावर त्यांनी त्यांना आत घेतलं. पुढे शहरातल्या इतर चर्चेसनी आठवड्यातली एकेक रात्र वाटून घेतली, नोव्हेंबर ते मार्च. लोक आधी एका ठिकाणी जमतात, तिथून छोटे गट करून त्या रात्रीच्या यजमानांकडे नेतात. जेवण, अंथरूण, सकाळी परत. आज तिथे चर्चच नव्हे, इतर धर्मांच्या संस्थाही त्यात आहेत.

आपल्याकडे प्रत्येक मंदिराला, विहाराला, चर्चला, मुस्लिम जमातीला सभागृह आहे. रात्री दहाला कुलूप. एका सभागृहात पंधरा माणसं, आठवड्याला एक रात्र, पंधरा डिसेंबर ते संक्रांत. एवढंही जमत नाही का? "सरकारने करावं" एवढंच लिहायचं असेल तर उत्तर आधीच देऊन ठेवतो. करावंच. पण आज रात्रीचं काय?

कायद्याचं_बोला :
"आज रात्रीचं काय" हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो आणि म्हणूनच दरवर्षी विचारावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारमाही आणि चोवीस तास. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यात 'शहरी बेघरांसाठी निवारा' हा स्वतंत्र घटक होता. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्त्रियांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी सोय, सगळं लिहिलेलं होतं. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं होतं. म्हणजे जुन्या आकड्यानेही चोवीस निवारे हवेत. महापालिकेचे निवारे मोजायला हाताची बोटं पुरतात.

उद्या तुम्ही वीस सभागृहं उघडलीत तर पहिला सुस्कारा महापालिका सोडेल. कोर्टात प्रतिज्ञापत्र येईल, "शहरातील धार्मिक संस्थांच्या सहकार्याने व्यवस्था करण्यात आली आहे." निवारा हा त्या माणसाचा हक्क आहे. तुम्ही तो विश्वस्तांच्या मर्जीवर नेऊन ठेवता आहात. मर्जी संक्रांतीला संपते, हक्क संपत नाही.

बर्डीकर :
हक्क संपत नाही, बरोबर. माणूस संपतो.

कायद्याचं_बोला :
टाळ्यांचं वाक्य आहे. उत्तर नाही.

विश्वस्त_एक :
मी दक्षिण नागपुरातल्या एका देवस्थानाचा विश्वस्त आहे. नाव देत नाही. उद्या दारात रांग लागेल, किंवा दगड येतील, दोन्ही नको.

बर्डीकर भाऊ, सभागृह रिकामं दिसतं तुम्हाला, मला त्याचा हिशेब दिसतो. त्या भाड्यावर आमचा मोफत दवाखाना चालतो. आठवड्यातली एक रात्र म्हणजे फक्त ती रात्र नसते, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला साखरपुडा असतो. दोन संडास, दोन बाथरूम, पंधरा माणसं, सहाच्या आत सगळं धुऊन कोरडं करायचं. कोण करणार? मंडळातली पोरं ब्लँकेट वाटायला वीस येतात, संडास धुवायला एक येत नाही.

रात्री कुणाला फिट आली, कुणी कुणाला मारलं, कुणी बिडी ओढता ओढता गादी पेटवली तर पोलीस स्टेशनला मी जाणार, तुम्ही नाही. एका हिवाळ्यात आम्ही मंडपात लोकांना झोपू दिलं होतं. त्यांनी शेगडी पेटवली, आणि वारा येतो म्हणून कनाती चारी बाजूंनी बांधून घेतल्या. पहाटे पुजारी आला म्हणून निभावलं, दोघांना मेडिकलला न्यावं लागलं. तेव्हापासून कुलूप आहे. दुष्टपणा म्हणून नाही.

मेडिकलची_सिस्टर :
विश्वस्त काका सांगतात ते खरं आहे. बंद जागेत कोळशाची शेगडी ठेवली की जो वायू साचतो त्याला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही. असे पेशंट आम्ही दर हिवाळ्यात पाहतो. सभागृह उघडायचं असेल तर शेगडी दाराबाहेर, हा पहिला नियम.

पण माझा मुद्दा दुसराच आहे. तुम्ही सगळे 'बेघर' म्हणून ज्यांची गोष्ट करून राहिले, त्यातले मेडिकल चौकातले निम्मे लोक बेघर नाहीतच. त्यांना घर आहे. ते गडचिरोलीला आहे, बालाघाटला आहे, छिंदवाड्याला, बैतूलला आहे. वॉर्डात पेशंटजवळ एकच नातेवाईक राहू शकतो. बाकीचे बाहेर. कॅन्सरचा, मेंदूचा, जळालेला पेशंट असला की महिना महिना बाहेर.

परवा नाइटला जाताना एक बाबा दिसले. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेले. अंगात हाफ स्वेटर, आणि स्वेटरच्या आत एक्स-रेचं ते मोठं पिवळं पाकीट छातीशी धरलेलं, वरून दोन्ही हातांनी दाबून. फाइल चोरीला जात नाही हो, पण भिजली तर परत सगळ्या तपासण्या कोण करणार, ही भीती. पायाशी कुणीतरी दिलेलं नवं ब्लँकेट, प्लास्टिकसकट, घडी न मोडलेलं. मी म्हटलं, बाबा, पांघरा ना. तर म्हणाले, "पोरगी घरी जाईन तवा तिले होईल."

या बाबांना तुमच्या सभागृहाचा काही उपयोग नाही. रात्री दोनला वॉर्डातून हाक येते, रक्ताची पिशवी आणा, गोळी आणा. ते सहा किलोमीटरवर झोपायला जाऊच शकत नाहीत. त्यांना हाकेच्या अंतरावर छप्पर पाहिजे. शहरभर पंधरा-पंधराचे गट फिरवायची तुमची योजना त्यांच्यासाठी नाही.

बर्डीकर :
सिस्टर, हे मोलाचं सांगितलंत. पण यातून योजना रद्द होत नाही, तिचे दोन भाग पडतात. दवाखान्याजवळच्या संस्थांनी नातेवाइकांसाठी, बाकीच्यांनी बाकीच्यांसाठी.

वऱ्हाडी_हिसका :
मले एक सांगा बाप्पा, हे फुकटचं किती दिवस चालवता? खिचडी फुकट, चादर फुकट, आता झोपाले हॉल फुकट. शिवभोजन थाळी दहा रुपयात भेटते २०२० पासून, तेही कोणी इकत घ्याले तयार नाही काऊन की चौकात फुकट भेटून राहिलं. माह्या दुकानापुढं झोपते एक जण, हट्टाकट्टा, तिशीतला. कामाले ये म्हटलं तर येत नाही. तुमच्या अशा दयेनंच माणूस आळशी होते. कामाले लावा, आपोआप घर होईल.

निवाऱ्यातला_माणूस :
मी एका निवाऱ्यात रात्रपाळीला असतो. हिसका भाऊ, तुमच्या दुकानापुढच्या माणसाचं मला माहीत नाही, पण माझ्या रजिस्टरमध्ये जे आहेत त्यातले बहुतेक काम करतात. कॅटरिंगवाले वाढपी, लग्नाच्या वरातीत डोक्यावर लाइट धरणारे, हमाल, भंगार वेचणारे, हॉटेलात भांडी घासणारे. लग्नसराईत रात्री दोनला सुटतात. त्यांना काम आहे, खोलीचं डिपॉझिट नाही. 'कामाला लावा' म्हणजे नेमकं काय करा ते सांगा.

आता बर्डीकर दादांना. जागा असूनही लोक निवाऱ्यात का येत नाहीत, ते कोणीच विचारलं नाही. मी सांगतो. हातठेला भाड्याचा असतो, तो रस्त्यावर सोडून आत झोपला तर सकाळी ठेला नाही आणि वर मालकाची भरपाई. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं. भंगाराचं पोतं आत घेऊ देत नाहीत. कुत्रं आत घेऊ देत नाहीत, आणि त्या कुत्र्याच्या जिवावरच ती बाई रात्री फुटपाथवर निर्धास्त झोपते. आधार कार्ड मागतात, ज्याच्याकडे घर नाही त्याचं कार्ड कोणत्या पत्त्यावर येणार? आणि प्यायलेला असेल तर आत नाही.

तुमच्या सभागृहात यातलं काय वेगळं होणार आहे? तिथे तर आणखी नियम असतील. चपला बाहेर, अंडं नाही, बिडी नाही, आणि सकाळी आरतीला उभं राहा.

मेडिकलची_सिस्टर :
प्यायलेल्याबद्दल बोलते. दारूने गरम वाटतं, पण वाटतं तेवढंच. कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि आतली ऊब भराभरा बाहेर जाते. थंडीत सर्वात आधी मरणार कोण, तर प्यायलेला. आणि आपण दारातून परत पाठवतो कोणाला, तर त्यालाच. त्याला वेगळ्या कोपऱ्यात, कुशीवर झोपवा, पण आत घ्या.

विश्वस्त_एक :
देवळाच्या सभागृहात प्यायलेला माणूस? सिस्टर, तुमचा आदर आहे, पण हे होणार नाही. भक्तांना काय सांगू मी?

सदरवाली :
आमच्या चर्चच्या युवक गटातर्फे नाताळच्या आधी आम्ही रात्री सूप आणि ब्रेड घेऊन जायचो. एक वर्षी कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, 'अन्नाच्या नावाखाली धर्मांतर'. आमच्या हातात पुस्तक नव्हतं, प्रार्थना नव्हती, फक्त पातेलं होतं. पोलिसांनी सौम्यपणे सांगितलं, "ताई, काही दिवस नका येऊ." नाही गेलो. त्यानंतर ती थंडी त्या लोकांनी कशी काढली ते माहीत नाही.

म्हणून नॅशव्हिलचं ऐकायला छान वाटतं, पण इथे चर्चने एकट्याने दार उघडलं तर काय होईल ते आम्हाला ठाऊक आहे. सगळे मिळून उघडत असतील तर आमचं दार पहिलं. एकट्याने नाही.

कायद्याचं_बोला :
सदरवाली ताईंनी माझाच मुद्दा पुढे नेला. धर्मसंस्थेच्या दारात माणूस आधी 'कोणाचा' ते बघितलं जातं, देणाऱ्याकडूनही आणि बघणाऱ्याकडूनही. महापालिकेच्या दारात निदान ते विचारायची सोय नाही.

ताजबागचा_शेजारी :
वकील साहेब, ताजबागच्या दर्ग्यात या कधी रात्री. तिथं फकीर, वाटसरू, घरातून हाकललेले म्हातारे, सगळ्या धर्मांचे पडलेले असतात. बाबा ताजुद्दीनच्या दारात कोणाचा कोण हे पिढ्यानपिढ्या विचारत नाहीत. पाच वाजता कोणीतरी चहा फिरवतो, त्याचं नावही कोणी विचारत नाही.

माझं वेगळंच भांडण आहे. हे जिथं जिथं चाललंय तिथं कमिटी नको, फॉर्म नको, गट पाडणं नको. तुमची रोटेशनची योजना म्हणजे माणसाला रोज नव्या ठिकाणी नेणार. आज सोमवार म्हणून विहार, उद्या मंगळवार म्हणून मंदिर. झोपायची एक जागा लागते माणसाला, जिथं शेजारी कोण झोपतो ते माहीत असतं. फुटपाथवर ती असते. तुम्ही तेवढंही काढून घेणार.

निवाऱ्यातला_माणूस :
हे शंभर टक्के. आमच्याकडे जे टिकतात ते ठराविक भिंतीपाशी झोपतात. जागा बदलली की रात्रभर जागे.

सक्करदऱ्याच्या_काकू :
मी आपली जुन्या वळणाची. तुमचे कायदे मला कळत नाहीत, पण विश्वस्त भाऊंना दोन गोष्टी सांगते.

एक, साखरपुड्याचं कारण सांगू नका. सोळा डिसेंबर ते संक्रांत धुंधुरमास असतो. पहाटे उठून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी देवाला दाखवायचे दिवस. आमच्याकडे या महिन्यात आणि पौषात लग्नं काढत नाहीत. थंडी जास्त आणि हॉल मोकळा, दोन्ही एकाच वेळी. पहाटे चारला नैवेद्याची खिचडी शिजतेच, पातेलं मोठं चढवा, बस.

दुसरी गोष्ट. २० डिसेंबर गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्या दिवशी सगळे खराटा घेऊन फोटो काढतात. त्यांच्या दशसूत्रीत उघड्यानागड्यांना वस्त्र आहे, तसं बेघरांना आसराही आहे. आणि बाबांनी पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, मंदिर एक बांधलं नाही. आमच्या अमरावतीकडचा माणूस होता तो, विदर्भातल्या देवस्थानाला हे मी सांगायचं?

विश्वस्त_एक :
काकू, मुहूर्त आता पाहतो कोण? पंचवीस डिसेंबरपासून शाळांची गॅदरिंगं, वाढदिवस, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं. तारखा भरलेल्या आहेत, या म्हणा, रजिस्टर दाखवतो. गाडगेबाबांचं मात्र मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कायद्याचं_बोला :
मग उत्तर मी सुचवतो, पण वेगळ्या दिशेने. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. त्यात धर्मादाय हेतूंमध्ये पहिलंच आहे, गरिबी किंवा संकट यांचं निवारण. याच कायद्याखाली धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दवाखान्याला लागू होतं ते सभागृहाला का नको? वर्षातल्या काही रात्री राखीव. दया म्हणून नाही, नियम म्हणून. असं असेल तर मी बर्डीकरांच्या बाजूने.

मेडिकलची_सिस्टर :
त्या १० टक्के खाटा मिळवताना नातेवाइकांची काय दमछाक होते ते आमच्या सोशल वर्करला विचारा. कागदावर खाट रिकामी असते, पेशंट कॉरिडॉरमध्ये.

वऱ्हाडी_हिसका :
आणि पोलिसाचं काय? २०२३ च्या मार्चमध्ये सी-२० चे, म्हंजे जी-२० मधल्या सामाजिक संस्थांच्या बैठकीचे, पाहुणे येणार होते तं कलम १४४ लावून चौकातले भिकारी हटवले होते ना. अधिवेशनाच्या आधीबी फुटपाथ साफ होते. तुम्ही हॉलात जमा करा, पोलीस एका गाडीत भरून नेते. सोपं झालं त्याईले.

बर्डीकर :
हिसका भाऊ, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, आपल्याकडे नाही. म्हणून सभागृहात नाव लिहायचंच नाही. किती माणसं आली तेवढा आकडा. ताजबागच्या भाऊंचं फॉर्म नको हे म्हणणं मी इथे घेतो. रोज जागा बदलू नये हेही घेतो, एका गटाला महिनाभर एकच सभागृह. पण 'कमिटी नको' हे मान्य नाही. कमिटी नसेल तर संडास धुवायला कोण येणार, हा विश्वस्तांचा प्रश्न तसाच राहतो.

ताजबागचा_शेजारी :
जो झोपतो तो धुतो. दोघांना रोजी द्या. त्याच माणसांतून घ्या. तुम्हाला काम दिल्याचं समाधान, हिसका भाऊंना कामाला लावल्याचं.

वऱ्हाडी_हिसका :
हे चालते.

निवाऱ्यातला_माणूस :
चालतं काय, आमच्याकडे हेच होतं. सफाईवाला आधी फुटपाथवरच होता.

आणि एक, मनोरुग्णांचं कोणीच बोललं नाही. रात्री ओरडणारी, कपडे न घालणारी माणसं. त्यांना पंधरा जणांच्या गटात ठेवता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, रस्त्यावर भटकणाऱ्या अशा माणसाला ताब्यात घेऊन तपासणीसाठी नेणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याच शहरात आहे. पण ठाण्यात फोन केला की म्हणतात, गाडी नाही. सभागृहवाल्यांनी या माणसांना घेऊ नका म्हणत नाही, पण स्वयंसेवक पोरांवर सोडू नका.

विश्वस्त_एक :
मी माझं सांगतो आणि थांबतो. प्यायलेल्याला आत घेणं आमच्या मंडळात कधीच पास होणार नाही, त्यावर भांडू नका. सभागृहही या वर्षी नाही, तारखा दिल्या आहेत. पण मागे भांडारगृह आहे, त्याला लागून बंद व्हरांडा. तिथे बारा-तेरा माणसं बसतात. तो मेडिकलपासून चालत दहा मिनिटांवर आहे. शेगडी नाही, फक्त पेशंटचे नातेवाईक, वॉर्डाचा पास दाखवून. मंडळाच्या बैठकीत मांडतो. सिस्टर, पास दाखवायची अट चालेल का?

कायद्याचं_बोला :
म्हणजे अखेर ज्यांना घर आहे त्यांनाच छप्पर, आणि ज्यांना नाही ते तिथेच. नोंद करून ठेवतो.

विश्वस्त_एक :
करा.

मेडिकलची_सिस्टर :
पास एकच मिळतो, आणि तो वॉर्डात बसलेल्या माणसाकडे असतो. बाहेर झोपणाऱ्याकडे काहीच नसतं. पास नको, केसपेपरची झेरॉक्स चालवा. आणि व्हरांड्याच्या फरशीवर टाकायला आधी सतरंज्या बघा, ब्लँकेटं चौकात पाहिजे तेवढी मिळतात. रात्री दोनला फाटक उघडं राहील का, तेही बैठकीतच विचारून घ्या.